कपाळमोक्षवाला शेखर देवतळे

शेखर देवतळे चहा अर्धा टाकून उठतो आणि उरलेला मी पितो. आमच्या मैत्रीबद्दल याहून जास्त सांगायची माझी इच्छा नव्हती. पण रायपुरात अजूनही कोणी ना कोणी भेटतं आणि विचारतं, “भास्करभाऊ, तो देवीवाला पोट्टा कुठी असते आता?” देवीवाला म्हणे. ज्याने उभ्या आयुष्यात स्वतःहून एक उदबत्ती लावली नाही, तो देवीवाला झाला कसा, हे एकदाचं सांगून टाकतो.

शेखर स्वस्थ बसू शकत नाही. बसला तर गुडघा हलवतो, उभा राहिला तर दाराची कडी वाजवतो, आणि झोपेत दात खातो असं त्याची आई सुशीलाकाकू सांगते. नोकऱ्या त्याने किती धरल्या आणि सोडल्या ते त्यालाच आठवत नाही. कुलर दुरुस्त केले, औषधांच्या खोक्यांची ने-आण केली, शेवटी मोबाइलच्या टॉवरांची जनित्रं सांभाळायचं काम मिळालं तिथे जरा रमला. आज अभनपूर, उद्या कुरूद, परवा राजिम. एका जागी बसायचं नाही म्हटल्यावर त्याला ती नोकरी मानवली. फक्त एकच गोष्ट त्याने कधी सोडली नाही, आणि नेमकी तीच सोडावी म्हणून सगळा पारा, म्हणजे आमची अख्खी वस्ती, त्याच्या मागे लागला होता. ती गोष्ट म्हणजे आमचा बँड.

बँडचं नाव कपाळमोक्ष. प्रकार डेथ मेटल. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो की यात गिटार करवतीसारखी चालते, ड्रम ट्रकमधून गिट्टी ओतल्यासारखे वाजतात आणि गाणारा गात नाही, पोटातून गुरगुरतो. शब्द कोणालाच कळत नाहीत. शेखर ते शब्द महिना-महिना घासून लिहायचा आणि मग अशा आवाजात म्हणायचा की त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मलाही पत्ता लागायचा नाही.

छत्तीसगड नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि गावाला एकाएकी वाटायला लागलं की आपल्याकडे सगळंच पाहिजे. उड्डाणपूल पाहिजे, मॉल पाहिजे, मोठा विमानतळ पाहिजे. आम्हाला वाटलं, डेथ मेटलचा बँडही पाहिजे. असं वाटणारे अख्ख्या राजधानीत आम्ही चौघेच निघालो, एवढीच अडचण. शेखर आवाजाला. मी बास गिटारवर, कारण तिला तारा कमी. आशय खेडीकर मुख्य गिटारवर. त्याचे वडील पुण्याहून बदली होऊन शंकर नगरात आले होते, त्यामुळे त्याच्याकडे गिटारही खरी होती आणि मराठीही पुस्तकातली. आणि ड्रमवर तोरण साहू. तोरण धुमालवाला. वरातीत आणि विसर्जनात गाडीवर ताशे, ढोल आणि भोंगे चढवून जो दणका उडवतात तो धुमाल, आणि तो त्याच्या काकाचा धंदा होता. गुढियारीतल्या काकाच्या पत्र्याच्या गोदामात आम्ही रविवारी दुपारी सराव करायचो. मे महिन्यात त्या पत्र्याखाली डेथ मेटल वाजवणं ही साधना आहे, असं शेखर म्हणायचा. मी म्हणायचो, हा उष्माघात आहे.

साधना, प्राण, शून्य, हे शब्द त्याच्या तोंडी सारखे असायचे. त्याला कारण होतं. लहानपणी आजोबांच्या वेळी तो महादेवघाटावर गेला होता. चिता भडकल्यावर आतून फट्‌ असा आवाज आला. त्याने वडिलांना विचारलं, काय झालं? श्यामराव रेल्वेत वॅगनदुरुस्तीला फिटर होते, फार बोलणारा माणूस नाही. ते म्हणाले, “कवटी फुटली. जीव गेला.” शेखरने विचारलं, “कुठी गेला?” तेव्हापासून हा पोट्टा विचारून राहिला आहे. नाथांची पोथी वाचली, दामाखेड्याच्या मेळ्यात जाऊन कबीरपंथी साधूंच्या पायाशी बसला, एकाकडून ऐकून आला की शरीराला नऊ दारं असतात आणि दहावं टाळूत असतं, तिथून जीव जातो. त्यावर त्याने आमचं पहिलं गाणं लिहिलं, ‘दहावं दार’. बँडचं नावही त्याच चितेवरून आलं. श्यामराव नाव ऐकून म्हणाले, “बरोबर ठेवलं. आमच्या कपाळाचा तर मोक्ष करूनच राहिला तू.”

आवाज कमवायला त्याला दोन वर्षं लागली. गच्चीवरच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत डोकं घालून तो गुरगुरायचा. सुशीलाकाकूला वाटलं, पोराला घशाचं काहीतरी झालं. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आत दिवा लावून पाहिलं आणि सांगितलं, घसा तुमच्यापेक्षा चांगला आहे. मग काकूला वाटलं, बाहेरचं काहीतरी आहे. तिने त्याला अभनपूरच्या पलीकडे एका बैगाकडे, म्हणजे भुतं उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे नेलं. बैगाने धूप पेटवला, तांदूळ फेकले आणि दरडावून विचारलं, “कोन अस तैं?” शेखरने त्याच खर्जातल्या आवाजात उत्तर दिलं, “शेखर श्यामराव देवतळे. बारावी कॉमर्स.” बैगाने नारळ ठेवून घेतला आणि काकूला सांगितलं, याच्या अंगात कोणी नाही, घरी घेऊन जा. हा किस्सा आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना सांगून हसलो. पुढे हसणं बंद झालं.

आम्हाला कोणी मंच द्यायचं नाही. एका कॉलेजात पहिल्या गाण्यातच वीज गेली; ती गेली नव्हती, प्राचार्यांनी घालवली होती. एका स्पर्धेत तीन बँड होते आणि आमचा तिसरा नंबर आला. घरी संगणकावर ध्वनिमुद्रण करून आशयने गाणी इंटरनेटवर टाकली, तेव्हा पोलंडमधल्या कोण्या पोट्ट्याने लिहून पाठवलं की हे ड्रम त्याने जगात कुठे ऐकले नाहीत. तोरणला ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, “हव भैया, गनेस विसर्जन में आही त सुनही.” गणपती विसर्जनाला आला तर ऐकेल, म्हणे. पोलंडमध्ये आमचं नाव झालं आणि गुढियारीत शेजारी पत्र्यावर दगड मारत होते, असे ते दिवस होते.

मग बंगळूरच्या एका जलशाचं पत्र आलं. देशभरातले असलेच गुरगुरणारे लोक तिथे वर्षातून एकदा जमतात. त्यांनी लिहिलं, पुढच्या वर्षी बोलावू, पण आधी लोकांसमोर वाजवलेलं एक चलचित्र पाठवा. शेखर त्या दिवशी गोदामात भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसता चालत होता. मंच कुठून आणायचा? लोक कुठून आणायचे? तोरणने मार्ग काढला. पाऱ्यातल्या दुर्गोत्सव समितीला तो दरवर्षी धुमाल द्यायचा, त्याचा शब्द चालत होता. समितीने अष्टमीची संध्याकाळ दिली, आरतीनंतरची. अट एवढीच की गाणं देवीचं पाहिजे आणि ठेका जसगीताचा पाहिजे. आम्ही ‘दहावं दार’मध्ये चार ठिकाणी ‘माय’ घातलं आणि तोरणने मधला भाग जसच्या ठेक्यावर बसवला.

इथे आमची अक्कल गहाण पडली होती. नवरात्रात इकडे जसगीतं म्हणतात. मांदर आणि झांज वाजत जातात, लय चढत जाते, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी केस मोकळे सोडून मान घुमवायला लागतं. त्याला झुपणं म्हणतात. देवी आली असं धरून लोक त्या माणसापुढे धूप ठेवतात, लिंबू ठेवतात, आणि ज्याला जे विचारायचं ते विचारतात. देवी शांत होईपर्यंत वाजवणाऱ्यांनी थांबायचं नसतं. आम्ही काही मुंबईहून आलो नव्हतो, हे सगळं जन्मापासून पाहिलेलं. आणि तरीही कंबरेपर्यंत केस वाढवलेला, डोकं गरागरा फिरवत पोटातून ओरडणारा माणूस आम्ही जसच्या ठेक्यावर देवीच्या मूर्तीसमोर उभा केला. काय होईल हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्यासाठी ते हेडबँगिंग होतं.

पहिल्या दोन मिनिटांत मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. लोक वैतागून उठत होते. मग तोरणने ठेका धरला, शेखरने मान खाली घालून केस फिरवायला सुरुवात केली, आणि उठलेले लोक थांबले. एक म्हातारा पुढे आला. त्याने मातीच्या वाटीत निखारे आणले, त्यावर धूप टाकला आणि वाटी शेखरच्या पायाशी ठेवली. कोणीतरी लिंबू ठेवलं. दोन बायका हात जोडून बसल्या. मला वाटलं, समितीने काही सजावट ठरवली असेल. आशय माझ्याकडे बघून खुश होऊन मान हलवत होता. त्याला वाटलं, रायपूरला शेवटी मेटल कळलं.

तेवढ्यात गोदावरीबाई आली. ही रेल्वे चाळीत राहायची, गोंदियाकडची, नवरा रेल्वेत खलाशी होता तो वारलेला. आम्ही सगळे तिला चेहऱ्याने ओळखायचो. तिचा मुलगा सचिन दहावीत नापास झाला त्या दिवशी घरातून गेला, त्याला तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती. ती मंचाच्या कडेला हात टेकून उभी राहिली आणि वर तोंड करून तिने विचारलं, “माय, माहा सचिन येते का वापस?”

मी शेखरच्या बाजूलाच होतो. मला प्रश्न नीट ऐकू आला. त्यालाही आला. त्याची मान थांबली नाही, केसांतून चेहरा दिसत नव्हता, आणि त्या खर्जातून एक शब्द बाहेर पडला. आमच्या बँडच्या सगळ्या आयुष्यात लोकांना स्पष्ट ऐकू आलेला तो एकच शब्द.

“येईल.”

गोदावरीबाईने मंचावर डोकं टेकवलं. तोरण वाजवत राहिला. थांबायचं नसतं हे त्याला आमच्याहून चांगलं माहीत होतं. गाणं संपलं तेव्हा शेखर मूर्तीच्या मागे जाऊन कनातीला धरून उभा होता. मी त्याला म्हटलं, “काहून म्हटलं बे तू?”

“मी नाही म्हटलं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मीच म्हटलं असन. तिनं विचारलं अन् तोंडातून निघालं. भास्कर, मले खरंच मालूम नाही.”

दुसऱ्या दिवसापासून देवतळ्यांच्या रेल्वे क्वार्टरसमोर चपला दिसायला लागल्या. कोणाला बदली कधी होईल ते विचारायचं होतं, कोणाला पोरीचं लग्न. सुशीलाकाकूची पंचाईत अशी झाली की पोराचं हे भूत उतरवायला तिने जन्म काढला आणि आता शेजारणी तिच्या पाया पडायला लागल्या. दोन दिवस तिने सर्वांना चहा दिला. मला वाटतं, तिला थोडं बरंही वाटलं असावं. श्यामराव तिसऱ्या दिवशी दारात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याला सांगत राहिले, “तो टावरवर चढला हाये. देवी खाली उतरली की सांगतो.” आठवड्याभरात लोक यायचे थांबले. लोकांना दुसरी देवस्थानं असतात.

गोदावरीबाई मात्र घरी आली नाही. ती भाजीबाजारात दिसायची. शेखरला पाहिलं की थांबायची, थोडी हसायची आणि पुढे जायची. बस, एवढंच. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर तो सुखाने जगला असता. तो बाजाराचा रस्ता सोडून लांबून जायला लागला आणि मग एक दिवस स्वतःच तिच्या खोलीवर गेला. मी बरोबर होतो. त्याने सचिनचा फोटो मागितला. तिने शाळेच्या ओळखपत्रावरचा काढून दिला. “तुमचं भांडण झालं होतं का?” त्याने विचारलं.

ती म्हणाली, “मीच म्हटलं होतं त्याले, तोंड दाखवू नको मले. ते त्यानं ऐकलं. बाकी कधी काही ऐकलं नाही माहं.”

त्यानंतरचं वर्ष शेखर धावत होता. आधी तो कशासाठी धावतो ते कोणाला कळत नव्हतं, आता कळत होतं. टॉवरच्या कामाला जाईल तिथे चहाच्या टपरीवर फोटो दाखवायचा. सुट्टी टाकून नागपूरला गेला, सुरतला गेला, कारण इकडची पोरं पळाली की बहुतेक तिकडेच सापडतात. नव्या रायपुरात तेव्हा रस्ते आणि इमारती उठत होत्या, कुठून कुठून मजूर आलेले. रविवारी तिथल्या झोपड्यांमधून हिंडायचा. इतके रुंद रस्ते आणि त्यांच्यावर एक माणूस फोटो घेऊन चालत चाललाय, असा तो मला अजून आठवतो. आज मी तिथेच मंत्रालयात सहायक आहे, त्याच रस्त्याने कर्मचाऱ्यांच्या बसने जातो, आणि खिडकीतून बघायचं नाही असं ठरवूनही बघतो.

सचिन मिळाला नाही. सचिनसारखे दिसणारे खूप मिळाले.

दरम्यान चलचित्र बंगळूरला पोचलं होतं. त्यांना ते अफाट आवडलं. धूप, लिंबू, हात जोडलेल्या बायका! त्यांनी लिहिलं, असं नाट्य आम्ही आजवर पाहिलं नाही, नक्की या. तारीख आली ती ऐन नवरात्रातली, अष्टमीच्या दुसऱ्या दिवसाची. आशयने नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. तिकिटं काढली. काळे सदरे छापून घेतले, त्यावर चितेचं चित्र. सहा वर्षं पत्र्याखाली भाजून निघाल्यावर आम्हाला बोलावणं आलं होतं, आणि खरं सांगतो, मला जायचं होतं. मला फार जायचं होतं. पोलंडच्या त्या पोट्ट्याशिवाय आमचं नाव उच्चारणारं कोणीतरी असावं, असं मलाही वाटत होतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गोदावरीबाई गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली. आत यायला लाजत होती. आम्ही वाजवणं थांबवलं. ती शेखरला म्हणाली, “अष्टमीले हाये ना बेटा तू?”

शेखरने माझ्याकडे पाहिलं. मी बासच्या तारा पुसायला लागलो. आशय पटकन म्हणाला, “नाही मावशी, आम्ही बंगळूरला चाललोय. मोठा कार्यक्रम आहे.”

“असं का,” ती म्हणाली. “जा, जा. चांगलं हाये.” आणि गेली.

त्यानंतर शेखरचं चित्त ठिकाणावर नव्हतं. सरावात शब्द विसरायचा, म्हणजे तो म्हणायचा की विसरलो. आम्हाला काय कळणार. आशयशी दोनदा कडाक्याचं भांडण झालं. आशय हिंदीत ओरडला, “यार, एक झूठ के पीछे पूरा बँड डुबाएगा क्या?” तो चुकीचं बोलत नव्हता. शेखर म्हणाला, “खोटं होतं का ते मले माहीत असतं तर सोपं होतं ना.” जन्मभर ज्याने जीव कुठे जातो, शून्यात काय आहे, आतून कोण बोलतं यावर गाणी लिहिली, त्याच्या आतून एकदा कोणीतरी बोललं आणि हा घाबरून गेला. मी त्याला तसं म्हणूनही दाखवलं. त्याने चहा पूर्ण टाकून दिला.

तरी गाडीत तो बसला. सप्तमीची सकाळ होती. बाकाखाली अँप, वर गिटारी, तोरणच्या मांडीवर त्याची झांज. गाडी सुटली आणि याचा गुडघा सुरू झाला. दाराशी जाऊन उभा राहिला, परत आला, पाणी प्याला, परत गेला. भिलाईची धुरांडी गेली. दुर्गला गाडी थांबली तेव्हा तो आपली पिशवी उचलून शांतपणे म्हणाला, “मी उतरतो. तिले खरं सांगून टाकतो. नाही तर मले गाता येणार नाही, तिथीही नाही अन् इथीही नाही.”

आशयने त्याचा दंड धरला. शेखरने तो सोडवला नाही, नुसता उभा राहिला. मग तोरण उठला आणि झांज काखेत मारून म्हणाला, “देबी के काम अधूरा नइ छोड़ँव भैया, में घलो उतरत हँव.” माझं डोकं असं भडकलं होतं की काय सांगू. मी दोघांना आईबहिणीवरून शिव्या देत देत अँप खाली उतरवला. आशय उतरला नाही. गाडी हलली तेव्हा तो खिडकीत बसून समोर बघत होता. तो एकटाच बंगळूरला गेला, तिथल्याच एका बँडमध्ये राहिला, आणि आमच्यातल्या कोणाशी तो परत बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही.

दुर्गच्या फलाटावर आम्ही तिघे, छातीवर चिता छापलेले, परतीच्या लोकलची वाट पाहत बसलो. तेव्हा शेखरने चहा घेतला. अर्धा मला दिला.

अष्टमीला समितीने आम्हाला मंच दिला, आनंदाने दिला. गेल्या वर्षीची गर्दी त्यांच्या लक्षात होती. गिटार नव्हती, नुसता बास आणि ड्रम. खरं तर वाजवायचं नव्हतंच, शेखर फक्त तिच्याशी बोलणार होता. पण गोदावरीबाई मंचाच्या कडेला तिथेच, त्याच जागी उभी होती, तोरणचा हात आपोआप ठेक्यावर गेला, आणि शेखरने केस सोडले. धूप आला. लिंबू आलं. त्याने एक कडवं म्हटलं, आणि मग मी कधी पाहिलं नव्हतं ते केलं. तो मध्येच थांबला.

वाजवणं चालू असताना थांबायचं नसतं. लोकांत कुजबुज झाली. शेखरने दोन्ही हातांनी केस मागे घेऊन रबराने बांधले, त्याचा साधा, घामेजलेला, पस्तिशीकडे झुकलेला चेहरा सगळ्यांना दिसला, आणि तो मंचावरून खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिला. तोरणने ठेका अगदी हळू केला पण सोडला नाही.

“मावशी,” शेखर आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, “माह्या अंगात कोणी येत नाही. मागच्या साली मी तसंच बोललो. मी खूप शोधलं सचिनले. मले नाही सापडला. तो येईन का नाही, मले मालूम नाही.”

मला वाटलं, आता ही बाई इथे कोसळेल. तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

“मले मालूम हाये,” ती म्हणाली. “तू श्यामरावचा पोट्टा हाये. तुले मी टाकीत डोकं घालून ओरडताना पाहिलं हाये.”

“मंग काहून येता तुम्ही इथी?”

गोदावरीबाईने इकडेतिकडे पाहून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सांगितलं. “चाळीत मले कोणी रडू देत नाही. रडली का बाया म्हणतात, जित्या पोराच्या नावानं रडू नको, अपशकुन होते. पाच साल झाले, मी रडली नाही बेटा. सैपाक करते, पाणी भरते, हासते. तू ओरडते ना तसं माह्या इथी आतमधी होत राह्यते.” तिने छातीवर हात ठेवला. “सालातून एक दिवस कोणी तरी ओरडते माह्यासाठी. म्हणून येते.”

शेखरचा गुडघा हलत नव्हता, हात हलत नव्हते. इतका स्थिर उभा असलेला शेखर मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

“आता थांबला काहून?” गोदावरीबाई म्हणाली. “तो वाजवून राह्यला नं. जा वर.”

तो वर गेला. त्याने रबर काढलं. तोरणने माझ्याकडे पाहिलं, मी तारांवर हात ठेवला, आणि शेखर ओरडला. त्यात शब्द नव्हते, दार नव्हतं, शून्य नव्हतं. मंचाच्या कडेला गोदावरीबाईने पदर तोंडात धरला होता, आणि त्या आवाजाखाली, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ती रडत होती.